दिवाळी अंकांची साइट आणि एकसष्ट प्रश्न

१४ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी मी फिग्मा या डिझाइनच्या ॲपमधल्या फाइलीची लिंक कोल्हापूरला, साइट बांधणाऱ्यांना पाठवली आणि खाली लिहिलं, 'फायनल आहे, बघून घ्या.' दुसऱ्या दिवशी सुट्टी. आईकडे जेवले, दुपारी ताणून दिली. डिझाइन हातावेगळं झालं, आता पुढचं ते बघतील, अशा भ्रमात पाच-सहा दिवस मजेत गेले. २० तारखेला तिकडून एक शीट आली. तिच्यात एकसष्ट प्रश्न होते.

काम असं होतं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकं आणि दिवाळी अंक विकणारे एक वितरक आहेत. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो, इथंही तेच म्हणते. त्यांना दिवाळी अंकांची ऑनलाइन विक्री सुरू करायची होती. सुटा अंक, पाच-दहा अंकांचे संच, घरपोच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही मराठी माणसाची वार्षिक सवय. पण धंदा म्हणून बघाल तर तो जेमतेम चार-पाच आठवड्यांचा. घटस्थापनेपासून लोक विचारू लागतात, लक्ष्मीपूजनाआधी अंक घरात हवा असतो, आणि भाऊबीज झाली की गिऱ्हाईक ओसरतं. त्या वर्षी घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती आणि लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. म्हणजे साइट ३ तारखेला उघडली नाही तर ती उघडून उपयोग नव्हता. शिवाय मध्ये ७ ते १७ सप्टेंबर गणपती. त्या दिवसांत कोल्हापुरातून काम होईल अशी आशा करणारा माणूस कोल्हापूरला कधी गेलेला नसतो.

डिझाइन माझं एकटीचं. साइट बांधणार होते कोल्हापूरचे दोघं. समोर दिसतं ते सगळं करणारा एक, आणि स्टॉक, पेमेंट, सर्व्हर बघणारी एक. दोघंही मला ताई म्हणतात, त्यातला तो माझ्यापेक्षा जेमतेम तीन वर्षांनी लहान असूनही.

मी पाठवलेल्या फाइलीत चौदा पानं होती. प्रत्येक पान दोनदा, १४४० पिक्सेलच्या रुंदीला आणि ३७५ च्या. दिसायला फाइल देखणी होती, यात वाद नाही. मुखपृष्ठं सुरेख, अंकांची नावं दोन-दोन तीन-तीन अक्षरांची, सगळे अंक हजर, कुणाचा पिनकोड चुकत नाही, कुणाचं पेमेंट अडकत नाही. पाहुणे यायचे म्हणून दिवाणखाना आवरावा आणि पसारा आतल्या खोलीत ढकलून दार लावून घ्यावं, तशी ती फाइल होती. डेव्हलपरला राहायचं असतं आतल्या खोलीत.

शीटमधले काही प्रश्न जसेच्या तसे देते.

'संचातला एक अंक अजून छापूनच आला नसेल तर खरेदीचं बटण दिसू द्यायचं का?'

'कार्टमध्ये टाकला तेव्हा अंक होता, पैसे भरताना संपला. मग?'

'मुखपृष्ठ प्रकाशकानं अजून दिलं नसेल तर त्या चौकोनात काय?'

'यूपीआयमधून पैसे गेले, पण बँकेकडून हो की नाही काहीच कळलं नाही. गिऱ्हाइकाला काय दाखवू?'

'फ्रेम ४२७ आणि फ्रेम ४२७ कॉपी, यातली खरी कुठली?'

खरं सांगायचं तर आधी राग आला. हे काय मी सांगायचं? बँकेकडून उत्तर आलं नाही तर काय करायचं हा डिझाइनचा प्रश्न आहे का? रात्री शांतपणे शीट पुन्हा उघडली आणि प्रश्नांचे ढीग लावले. रंग, अंतर, फॉन्ट यांचे निघाले अकरा. फाइलीतल्या गोंधळाचे, म्हणजे नावं, कॉप्या, जुनी पानं यांचे तेरा. उरलेले सदतीस एकाच जातीचे होते: असं झालं तर काय? त्यातल्या निम्म्यांची उत्तरं मला ठाऊक नव्हती, आणि कोल्हापूरला तर नव्हतीच. ती काकांच्या डोक्यात होती आणि तिथून बाहेर काढायला कुणी गेलंच नव्हतं.

मी ते ठरवलं नाही म्हणून ते ठरायचं राहत नाही, हे मला त्या रात्री उमगलं. ते ठरतंच. फक्त रात्री दोन वाजता, चहाच्या तिसऱ्या कपावर, कोल्हापुरात बसलेला एक मुलगा ते ठरवतो, आणि काकांना ते कळतं गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर.

दोन दिवसांनी काकांच्या गोदामात गेले. गोदाम म्हणजे जुन्या वाड्यातली तळमजल्याची एक खोली, सुतळीनं बांधलेले गठ्ठे छतापर्यंत. फोन एका गठ्ठ्याला टेकवून कोल्हापूरच्या दोघांना व्हिडिओवर घेतलं. काका स्टुलावर. मी प्रश्न वाचायचे, काका उत्तर द्यायचे, तिकडून उपप्रश्न यायचे. अडीच तास चाललं, आणि या प्रकल्पात एवढे कामाचे अडीच तास दुसरे गेले नाहीत.

माझ्या डिझाइनमध्ये अंकाच्या दोन अवस्था होत्या: आहे आणि नाही. काकांकडे पाच निघाल्या. जाहीर झालाय, छापायला गेलाय, आलाय, संपलाय, आणि संपलाय पण पुन्हा मागवलाय. पहिल्या दोहोंत गिऱ्हाइकाला फरक पडत नाही, त्या एक केल्या. राहिल्या चार. मी त्यातल्या एकीला 'उपलब्ध नाही' असं नाव देत होते. काका म्हणाले, "उपलब्ध नाही म्हणू नका हो. लोक समजतात मिळणारच नाही, आणि दुसरीकडे जातात. 'छापून यायचाय' म्हणा. गिऱ्हाईक थांबतं." बटणावरचे शब्द हेही डिझाइनच असतं, हे मी वर्कशॉपमध्ये लोकांना शिकवते. इथं काका मला शिकवत होते.

संचाचा नियम काकांनी एका वाक्यात सांगितला: जे आलेत ते पहिल्या पार्सलमध्ये, उरलेले दुसऱ्यात, तिसरं पार्सल नाही, दुसऱ्याचा टपालखर्च आमचा. मी लिहून घेतलं. तेवढ्यात फोनमधून ती म्हणाली, "काका, दुसरं पार्सल निघायच्या वेळीही एखादा आला नसला तर?"

काका गप्प. मग म्हणाले, "पैसे परत. नाहीतर बदली अंक. गिऱ्हाइकाला विचारून."

'गिऱ्हाइकाला विचारून' या दोन शब्दांतून तीन पानं जन्माला आली: विचारणारा निरोप, निवडीचं पान, आणि परताव्याची पावती. तीन पानं, ज्यांचा माझ्या चौदांमध्ये मागमूस नव्हता. पण फोनवरची ती इथंच थांबली नाही. "परत किती द्यायचे? समजा संचाची छापील किंमत २,५०० आहे आणि आपण तो २,००० ला दिला. राहिलेला अंक ३०० चा. सवलतीच्या हिशेबानं त्याचे २४० होतात." काकांनी हात झटकला. "अंकावर तीनशे छापलेत ना? मग तीनशे द्या. साठ रुपयांसाठी गिऱ्हाईक तुटायला नको."

हा निर्णय मी घेतला असता तर २४० घेतला असता. तिनंही तोच घेतला असता, तो हिशेबाला बरोबर होता. धंद्याला बरोबर नव्हता.

परत येऊन फाइल नव्यानं लावायला घेतली. आधी कात्री. जुने प्रयोग, अर्धवट पर्याय, 'नको झालेला बॅनर' वगैरे सगळं एका वेगळ्या फाइलीत नेलं. नुसतं वेगळ्या पानावर नव्हे. तेवढ्यानंही भागत नाही हे पुढं कळलंच, पण ते नंतर. जी पानं खरोखर पक्की, त्यांनाच डेव्हलपमेंटसाठी तयार अशी खूण केली. फिग्मात २०२३ पासून डेव्ह मोड, म्हणजे डेव्हलपरसाठीचा वेगळा भाग आहे, त्यात ही खूण आणि पानावर जोडलेल्या टिपा दोन्ही दिसतात. सोय चांगली आहे, पण टिपेत लिहायला काहीतरी ठरलेलं असावं लागतं. मी आधी मोजमापं लिहायचे, जी डेव्हलपरला तशीही क्लिक केल्यावर दिसतात. आता प्रत्येक पानाशेजारी साध्या मराठीत वाक्यं लिहिली. 'अंक छापून यायचा असेल तर किंमत दिसते, बटणावर "मागणी नोंदवा" येतं, आणि खाली येण्याचा अंदाजे आठवडा. तारीख लिहू नये, प्रकाशक पाळत नाहीत.' शेवटचं वाक्य काकांचं.

यूपीआयचं उत्तरही असंच वाक्यात गेलं. पैसे अडकले तर लाल रंग नाही, 'अयशस्वी' हा शब्द नाही, पुन्हा पैसे भरण्याचं बटण तर मुळीच नाही. नाहीतर माणूस घाबरून दुसऱ्यांदा भरतो आणि मग दोन्ही जातात. 'बँकेकडून खात्री व्हायची आहे. अंक तुमच्यासाठी बाजूला ठेवला आहे.' आणि किती वेळ बाजूला ठेवायचा तो आकडा शेजारी: तीस मिनिटं.

नावांवरून थोडी गंमत झाली. माझ्या फाइलीत अंकाच्या कार्डाला, म्हणजे साइटवर एकेक अंक दाखवणाऱ्या चौकटीला, प्रॉडक्ट-कार्ड म्हटलं होतं. तिच्या डेटाबेसमध्ये अंक म्हणजे 'इश्यू'. काकांच्या वहीत नग. आता कामांची नोंद ठेवायच्या बोर्डावरही प्रत्येक अडचणीला इश्यूच म्हणतात. त्यामुळे 'इश्यू संपला' असा निरोप ग्रुपवर आला की अडचण मिटली का अंक संपला हे कळायला पुढचा निरोप यावा लागे. शेवटी ठरवलं, डिझाइनमध्ये, कोडमध्ये, बोलण्यात, सगळीकडे अंक. अंक-कार्ड, संच-कार्ड, बिल्ला, सूचना-पट्टी. फ्रेम ४२७ नावाचं काही उरलं नाही.

रुंदीचं गणित मात्र माझ्या निष्काळजीपणाचं. ३७५ च्या फोनवर दोन्हीकडे १६ चे समास सोडले की ३४३ उरतात. त्यात १६४ ची दोन कार्डं आणि मध्ये १५, बरोबर ३४३. मी तिथं खूश झाले होते. ३६० रुंदीच्या फोनवर उरतात ३२८. दोन कार्डं बसतात, मधलं अंतर बसत नाही, आणि दुसरं कार्ड घरंगळून खाली जातं. भारतातल्या स्वस्त अँड्रॉइड फोनांत ३६० ही अगदी नेहमीची रुंदी. काकांचा स्वतःचा फोन तोच. मग प्रत्येक रुंदीचं चित्र काढायचा नाद सोडला आणि नियम लिहिला: कार्ड किमान १५०, मावतील तेवढी एका ओळीत, उरलेली जागा सगळ्यांनी वाटून घ्यायची, अंतर १२. ३६० वर प्रत्येक कार्ड १५८ चं होतं. टॅब्लेटवर किती होतात हे मी मोजलंसुद्धा नाही, मोजायची गरजच नव्हती.

मुखपृष्ठांचा नियम तसाच थोडक्यात: कापायचं नाही, चौकटीत पूर्ण बसवायचं, वर-खाली मोकळी जागा राहिली तरी चालेल. कापलं की प्रकाशकाचं नाव जातं आणि प्रकाशकाचा फोन येतो. मुखपृष्ठ नसेल तर सपाट रंगावर अंकाचं नाव. आणि झेंडूच्या रंगाच्या बटणावरची माझी पांढरी अक्षरं गेली. त्या जोडीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडद फरक, जेमतेम दोनास एक भरत होता, डब्ल्यूसीएजी या वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या निकषाप्रमाणे साध्या मजकुराला किमान साडेचारास एक लागतो. गडद तपकिरी अक्षरं आली. मला आधीचंच आवडायचं, अजूनही आवडतं. पण दिवाळी अंक घेणाऱ्यांत साठीच्या पुढचे किती असतात हे काकांच्या दुकानात अर्धा तास उभं राहिलं तरी दिसतं.

२ सप्टेंबरला दुसऱ्यांदा फाइल दिली. पहिल्या 'फायनल'नंतर एकोणीस दिवसांनी. तोवर कोल्हापूरच्या त्या मुलानं दोन पानं बांधली होती, ती टाकून द्यावी लागली. मी दिलगिरी व्यक्त केली तर म्हणाला, "ते जाऊ दे ताई, पुढच्या वेळी रंग लावायच्या आधी बोलवा." यावेळी नुसती लिंक पाठवली नाही. तासभर तिघं बसलो, आणि फाइल मी नाही, त्यांनी मला समजावून सांगितली. जिथं ते अडखळले तिथं माझं वाक्य चुकलेलं होतं. आठ ठिकाणी अडखळले.

मग गणपती. १८ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पहिली चालती साइट काकांच्या फोनवर उघडली. मला वाटलं, काका आधी संच बघतील, किमती बघतील. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "हा ल आपला नाही."

मी म्हटलं, काका, ल तो ल. त्यांनी समोरचा एक जुना अंक उचलला आणि शीर्षकावर बोट ठेवलं. मराठी ल ला दोन पाकळ्या असतात. हिंदीतला ल उजवीकडच्या उभ्या दांड्याला चिकटून उभा असतो. श चंही तसंच, मराठीचा देठाचा. २००९ मध्ये राज्य शासनानं वर्णमाला प्रमाणित केली तेव्हा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असंच त्यात म्हटलं आहे. साइटवरच्या प्रत्येक शीर्षकात दांड्याचा ल होता.

कारण शोधायला पाच मिनिटं लागली आणि दोष माझाच निघाला. शीर्षकांसाठी मी टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट वापरला होता. त्याची भावंडं आहेत, टिरो देवनागरी हिंदी आणि टिरो देवनागरी संस्कृत. गूगल फॉन्ट्सवर तिघं शेजारी शेजारी राहतात. फॉन्टची जी यादी मी हँडऑफमध्ये, म्हणजे डिझाइन डेव्हलपरकडे सोपवताना, लिहून दिली होती, तीत लिहिलं होतं, 'शीर्षक: टिरो देवनागरी, ३२.' कुठली टिरो ते नाही. त्यानं पहिली दिसली ती घेतली. मीही तेच केलं असतं.

त्याच शीर्षकांत दुसरी भानगड होती. अक्षरं फुगलेली, कडा ओल्या शाईसारख्या पसरलेल्या. टिरोला ठळक वजन, म्हणजे जाड अक्षरांचं रूप, नाहीच, एक साधं आणि एक तिरकं, बस्स. पण ब्राउझर शीर्षकाच्या टॅगला आपणहून ठळक करतो, आणि फॉन्टमध्ये ठळक रूप नसेल तर साध्यालाच जाड करून दाखवतो. फिग्मात हे होत नाही, त्यामुळे मला ते कधी दिसलंच नव्हतं. उपाय दोन ओळींचा: शीर्षकांचं वजन ४००, म्हणजे साधं, असं स्पष्ट लिहायचं, आणि फॉन्ट-सिंथेसिस, म्हणजे ब्राउझरचं हे आपणहून जाड करणं, बंद. मात्र ते डिझाइनच्या टिपेत असायला हवं होतं. कुठलं वजन वापरायचं हे आपण लिहितो. कुठलं वजन अस्तित्वातच नाही हे लिहायचं मला सुचलं नव्हतं.

ओळींमधल्या अंतराचं दुखणं जुनंच. रोमन लिपीच्या सवयीनं मी शीर्षकांना अक्षरांच्या मापाच्या १.२ पट दिलं होतं. रोमनमध्ये ते छान दिसतं. मराठीत वरच्या ओळीत 'स्फूर्ती' आणि तिच्याच खाली 'कीर्ती' आली की वरचा ऊकार खालच्या रफारावर जाऊन बसतो. शिवाय कार्डाच्या चौकटीबाहेरचं कापून टाकायचं अशी सूचना असल्यामुळे पहिल्या ओळीच्या वेलांट्यांचे शेंडे उडाले होते. माझ्या नमुन्यात दोन-तीन अक्षरी नावं, एका ओळीत मावणारी. खऱ्या यादीत अंकाचं नाव, मग विशेषांकाचा विषय, मग वर्ष. शीर्षकांना १.४५ केलं, मजकुरासाठी मुक्ता फॉन्ट होता त्याला १.७. कार्डाची उंची वाढली, एका पडद्यावर दिसणारे अंक कमी झाले. चालेल.

आता ती वेगळ्या फाइलीची गोष्ट. 'नवा' असं लिहिलेल्या बिल्ल्यावर शिरोरेषा तुटली होती, न आणि वा वेगवेगळे रुसून बसलेले. बिल्ल्याच्या स्टाइलमध्ये अक्षरांमध्ये आठ टक्के अंतर होतं. ही स्टाइल मी आधीच्या एका इंग्रजी कामातून फाइल उचलताना सोबत आली होती, मी ती वापरलीही नव्हती. नुसती यादीत पडून होती. नाव होतं 'लेबल'. बिल्ला हे लेबलच ना? त्यानं प्रामाणिकपणे लावली. पसारा दुसऱ्या पानावर, अगदी दुसऱ्या फाइलीत हलवला तरी स्टाइली मूळ फाइलीतच राहतात. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर शून्य, हा नियम मी आता प्रत्येक फाइलीत सगळ्यात वर लिहिते.

आणि 'दुसर्या'. काकांची अंकांची यादी एक्सेलमध्ये होती, निम्मी एका मुलानं टाइप केलेली, निम्मी दुसऱ्यानं. साइटवर काही ठिकाणी 'दुसऱ्या महायुद्धाच्या' बरोबर, काही ठिकाणी 'दुसर्या'. मला आधी टायपिंगची चूक वाटली, पण एक्सेलमध्ये ते शुद्ध दिसत होतं. झालं होतं असं: हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्त्याच्या ऱ ला हलंत लावून. दोन, साध्या र ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. यादी साइटवर चढवताना तिनं नको असलेली अदृश्य चिन्हं साफ करणारा कोड चालवला होता. कुठल्याही शहाण्या माणसानं चालवावा असाच तो कोड. त्यात हे जोडचिन्हही उडालं आणि ज्यानं दुसऱ्या तऱ्हेनं टाइप केलं होतं त्याचे सगळे र्‍य मोडले. उपाय असा केला की साफसफाईआधी सगळीकडे पहिली तऱ्हा करून घ्यायची. म्हणजे शोधातही फायदा: वाचकानं कुठल्याही कीबोर्डनं 'वाऱ्यावर' लिहिलं तरी सापडतं. हे डिझाइनचं काम आहे का? नसेल. पण हा शब्द मोडलाय हे बघणारे डोळे आमच्या तिघांत माझेच होते, आणि मी नमुन्यात एकही असा शब्द घातला नव्हता.

म्हणून मी एक छळवादी यादी केली. ऱ्य, ऱ्ह, ल, श, रफारावर वेलांटी, ऊकाराखाली रफार, सगळ्यात लांब नाव, सगळ्यात छोटं नाव, चार आकडी किंमत, शून्य किंमत. ती फाइलीच्या पहिल्याच पानावर ठेवली. कुठलंही कार्ड, बटण, पावती आधी या यादीतून जाते.

आकड्यांवर वाद झाला, थोडा. काकांना किमती देवनागरीत हव्या होत्या, मलाही. दाखवायला अडचण नाही, ब्राउझरला मराठी म्हणून सांगितलं की तो २,५०० असं आपणहून लिहितो. अडचण लिहून घेण्यात. पिनकोडचा रकाना संख्येचा केला तर तो देवनागरी आकडे घेतच नाही, आणि मराठी कीबोर्ड लावलेला माणूस ४११०३० लिहून वाट बघत बसतो. म्हणून रकाना साधा, आकडे दोन्ही लिपींतले चालतील, आत जाताना रूपांतर. एका ओळीची टीप, पण ती नसती तर पिनकोडपाशी किती लोक परत गेले असते कुणास ठाऊक.

दुसऱ्या हँडऑफमध्येही माझी चूक झालीच. उलट्या बाजूची. घाबरून मी सगळंच लिहून काढलं. माउस नेल्यावर कार्ड किती मिलिसेकंदांत किती वर उचललं जावं यावर दोन पानं. ती कुणी वाचली नाहीत. विचारलं तर तो म्हणाला, "ताई, लोक फोनवरनं बघणार, माउस आणायचा कुठनं?" मग त्याच्या सांगण्यावरून उलटं केलं: जिथं एक पिक्सेलही हलता कामा नये अशा जागा मी सांगायच्या. तीनच निघाल्या. बाकी त्याच्या नजरेवर सोडलं. त्याची नजर चांगली आहे, हे मी आधी कधी तपासलंच नव्हतं.

३ ऑक्टोबरला सकाळी साइट उघडली. दुपारपर्यंत तुरळक ऑर्डरी, एक न्यू जर्सीहून, नाशिकला राहणाऱ्या आईसाठी. पैसे देणारी वेगळी आणि पार्सल घेणारी वेगळी, दोघींचे फोन वेगळे. ही अवस्था गोदामातल्या त्या दुपारी तिनंच विचारून घेतली होती. संध्याकाळी बातमी आली, केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. काकांनी लगेच ग्रुपवर भलामोठा निरोप टाकला: साइटच्या वर एक पट्टी लावा, आणि खाली पट्टीत काय लिहायचं ते वाक्य. वाक्यात महाराष्ट्र, माय मराठी, समस्त वाचक आणि हार्दिक अभिनंदन सगळं होतं.

फोनच्या रुंदीला ते चार ओळींत गेलं असतं. सूचना-पट्टीशेजारी माझी टीप होती: दोन ओळींच्या पुढे नाही, बंद करता यावी, पैसे भरण्याच्या पानावर दिसू नये. कोल्हापूरहून त्यानं लिहिलं, 'काका, दोन ओळींत बसवा.' काकांनी समस्त वाचक काढले. 'अजून थोडं.' माय मराठी गेली, हार्दिक गेलं. पंचवीस मिनिटांत पट्टी लागली.

मला कुणी काही विचारलं नाही. जेवण उरकून फोन हातात घेतला तेव्हा ग्रुपवर हे सगळं वाचलं. साइट उघडली, पट्टी बोटांनी मोठी केली आणि 'मराठीला'मधला ल बघितला. पाकळ्यांचा होता.